छोट्या ट्रॅक्टरनं घराची जागा सपाट करताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले नेहमीचे प्रश्न

आमच्या भागात गावठाणाबाहेर घरं वाढायला लागल्यापासून हे प्रश्न वर्षभर येत असतात. दोन-तीन गुंठ्यांची जागा, तीही माळावरची किंवा भाताच्या खाचराची, आणि घरात किंवा भाऊबंदांत एक छोटा ट्रॅक्टर. त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. मोठा लेआऊट पाडायचा असेल त्यांनी सरळ सर्व्हेअर आणि मोठी मशिनं गाठावीत.

छोट्या ट्रॅक्टरनं हे काम खरंच होतं का? सगळे तर जेसीबी बोलवतात.

होतं, पण कुठलं काम ट्रॅक्टरचं आणि कुठलं जेसीबीचं, ते आधी ठरवावं लागतं. जागेच्या वरच्या आणि खालच्या टोकात दीड-दोन फुटांपर्यंत फरक असेल, खाली कातळ नसेल आणि माती जागच्या जागी हलवायची असेल, तर पंधरा ते तीस एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. फरक चार फुटांचा असेल, मोठे धोंडे किंवा झाडांची खोडं उपटायची असतील, तर एक दिवस जेसीबी घ्या आणि शेवटचा हात ट्रॅक्टरनं फिरवा. जेसीबीचा बकेट जागा उकरतो झकास, पण चांगली पातळी काढणारा ऑपरेटर नशिबानंच मिळतो. शिवाय अरुंद गल्लीतून आत जायचं असलं, की तिथं छोटा ट्रॅक्टरच जातो.

किती एचपीचा हवा? कुठली अवजारं लागतात?

स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ हे पंधरा एचपीचे. मऊ मातीत लहान पातं ओढायला ते चालतात. कुबोटा निओस्टार बी२४४१ किंवा महिंद्रा जिवो २४५ हे चोवीस एचपीचे, चारही चाकांना ओढ असलेले. भुसभुशीत भरावावर त्यांचा फरक लगेच कळतो, कारण दोन चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर स्वतःच्याच उकरलेल्या मातीत चाकं फिरवत बसतो.

अवजारं तीन: पाच दात्यांचा कल्टिव्हेटर, मागं लावायचं पातं (टेरेस ब्लेड) किंवा पेटीसारखा लेव्हलर, आणि शेवटी ओढायला एक लांब फळी किंवा जुना लोखंडी गर्डर. रोटाव्हेटर शक्यतो नको. तो मातीचं पीठ करतो, ते पीठ दाबलं तरी नीट बसत नाही आणि पहिल्या पावसात वाहून जातं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट सुट्या मातीचं वजन चार टनांच्या आसपास भरतं. मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली भरून चोवीस एचपीच्या मागं जोडली, तर चढावर कदाचित ओढेलही, पण उतारावर ती ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. छोट्या ट्रॅक्टरला छोटीच ट्रॉली लावा.

जागा किती सपाट करायची? अगदी पाणी ठेवल्यासारखी?

नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. घराची जागा कॅरम बोर्डासारखी सपाट केली, तर जुलैत अंगणात तळं साचतं. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस होतो, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं त्याहून बराच जास्त. त्यामुळं आधी पाण्याची वाट ठरवायची आणि मगच पातं खाली सोडायचं.

घराच्या चारी बाजूंनी पहिल्या दहा फुटांत निदान सहा इंच उतार बाहेरच्या दिशेनं ठेवा. त्यापुढं शंभर फुटांना एक-दोन फूट पुरे. जोत्याच्या खालची जागा मात्र समपातळीत हवी, आणि जोतं भोवतालच्या तयार जमिनीपेक्षा दीड फूट तरी वर यायला हवं. रस्ता पुढं कधीतरी खडी-डांबर पडून उंच होणार आहे, हेही आजच धरा. आमच्याकडच्या कितीतरी गल्ल्यांत जुन्या घरांच्या पायऱ्या रस्त्याखाली गेल्या आहेत.

उतार मोजायला सर्व्हेअर आणावा लागतो का?

दोन-तीन गुंठ्यांना नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. पन्नास-साठ फूट पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या. नळाला लावून भरू नका, आत बुडबुडे राहतात. बादली उंचावर ठेवा, नळीचं एक तोंड तिच्यात बुडवा, दुसऱ्या तोंडानं ओढून पाणी वाहू द्या आणि एकसलग धार पडायला लागली की थांबवा. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली तर उन्हात रेघ स्पष्ट दिसते. मग दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी धरून बघा. पाणी एका रेषेत आलं नाही तर कुठंतरी बुडबुडा अडकलाय. नळी हातानं चिमटत तो तोंडाकडं आणायचा.

आता कंपाउंडच्या भिंतीवर किंवा हलणार नाही अशा खांबावर एक खूण करा. सगळी मापं या खुणेवरून घ्यायची. जागेत दर वीस फुटांवर खुंट्या ठोका. एकानं नळीचं एक तोंड खुणेशी धरायचं, दुसऱ्यानं दुसरं तोंड खुंटीजवळ. खुणेपाशी पाणी बरोबर टेकलं, की खुंटीजवळच्या माणसानं जमिनीपासून पाण्यापर्यंतचं माप टेपनं घेऊन वहीत लिहायचं. नळी घेऊन चालताना दोन्ही तोंडं अंगठ्यानं बंद ठेवा आणि माप घेताना दोन्ही उघडी ठेवा. एक जरी बंद राहिलं तर माप चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही.

माप जितकं जास्त, तितकी ती जागा खोल. वरच्या कोपऱ्यात तीन फूट आणि खालच्या कोपऱ्यात पाच फूट आलं, तर जागेला दोन फुटांचा उतार आहे. हा बारा-पंधरा आकड्यांचा कागद ट्रॅक्टर येण्याआधी हातात हवा. डोळ्यांवर विसंबू नका. शेजारचा बांध तिरका असला की सपाट जागाही उतरती दिसते.

किती माती हलवावी लागेल, याचा अंदाज कसा काढायचा?

समजा जागा चाळीस बाय साठ फुटांची, आणि साठ फुटांच्या लांबीत दोन फूट उतार. मधोमध पातळी धरली तर वरच्या टोकाला एक फूट उकरावं लागेल, खालच्या टोकाला एक फूट भरावं लागेल. उकरायचा भाग पाचरीच्या आकाराचा: तीस फूट लांब, चाळीस फूट रुंद, एका टोकाला एक फूट आणि दुसऱ्या टोकाला शून्य. म्हणजे सरासरी अर्धा फूट. तीस गुणिले चाळीस गुणिले अर्धा, सहाशे घनफूट, सहा ब्रास. खालचा भरावही तेवढाच, त्यामुळं कागदावर हिशेब जुळतो.

जमिनीवर तो जुळत नाही. उकरलेली माती फुगते आणि सहा ब्रासची साडेसात ब्रास दिसते, म्हणून लोकांना वाटतं माती उरली, आणि ते दोन ट्रॉल्या कुणाला तरी देऊन टाकतात. नीट दाबल्यावर तीच माती मूळच्यापेक्षाही थोड्या कमी जागेत बसते. मग भराव कमी पडतो आणि मुरूम विकत आणावा लागतो. भराव दाबून पुरा होईपर्यंत जागेवरची माती बाहेर जाऊ देऊ नका.

ढोबळ अंदाज हवा असेल तर एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर सहा इंचांचा थर म्हणजे जवळपास साडेपाच ब्रास.

वर्षात कुठल्या दिवसांत काम काढावं?

वाफसा असेल तेव्हा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-चार तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर आहे. पसरून चिकटला तर थांबा, गोळाच झाला नाही तर पाणी मारा.

दिवाळीनंतर पौषापर्यंतचा काळ सगळ्यात सोपा. फाल्गुन-चैत्रात तांबडी माती इतकी आवळते, की कल्टिव्हेटरचे दाते वरच्यावर घासत जातात. एप्रिल-मेमध्ये एखादा चांगला वळीव झाला, की दोन-तीन दिवसांनी पुन्हा संधी मिळते. पण मृगाच्या तोंडावर उकरून ठेवलेली आणि न दाबलेली जागा ही सगळ्यात वाईट. सगळी माती रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या दारात जाते.

आमची जागा काळ्या रानात आहे. काही वेगळं करावं लागतं का?

बरंच. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडचं भाताचं काळं रान, किंवा पूर्वेला बैलहोंगल, अथणीकडची काळी जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कितीही सुंदर पातळी काढली तरी वर्षभरात ती हलते. घराखाली आणि घराभोवतीच्या पट्ट्यातली काळी माती काढून तिथं मुरूम भरणं हाच उपाय. किती खोल काढायची ते इंजिनिअरनं खड्डा बघून सांगावं, ट्रॅक्टरवाल्यानं किंवा मी नव्हे. काढलेली माती फेकू नका, परड्यातल्या झाडांना ती सोनं आहे.

ओल्या काळ्या रानात छोटा ट्रॅक्टर घालूच नका. रुतला तर काढायला मोठा ट्रॅक्टर लागतो, आणि त्या ओढाताणीत पडलेले चर बुजवण्यात पुढचा दिवस जातो.

आणखी एक. बळ्ळारी नाल्याच्या किंवा मार्कंडेय नदीच्या काठालगत जागा असेल, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते जुन्या लोकांना विचारा. ती रेघ तुमच्या जोत्याच्या वर असेल, तर सपाटीकरण हा तुमचा पहिला प्रश्न नाही.

खानापूरकडं तांबड्या मातीखाली जांभा लागला तर?

थांबा. पात्यानं जांभा निघत नाही, पातंच वाकतं किंवा लिंकेजची पिन तुटते. सुरुवातीलाच पहारीनं चार-पाच ठिकाणी टोचून बघा, कातळ किती खोल आहे ते कळतं. वरच लागला तर पातळी थोडी वर धरून उकरण्याऐवजी भराव वाढवायचा, हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं. एरवी पायाला जांभा चांगलाच. तो फोडायचा अट्टहास कशाला?

पातं फिरवलं की जमिनीवर लाटा पडतात. ड्रायव्हर वाईट की अवजार?

दोन्ही नसेल. हा ट्रॅक्टरच्या बांधणीचा गुण आहे. मागचं पातं मागच्या चाकांच्याही मागं असतं. पुढची चाकं उंचवट्यावर चढली, की ट्रॅक्टरचं नाक वर होतं आणि शेपटीचं पातं खाली रुतून खड्डा पाडतं. थोडं पुढं जाऊन मागची चाकं त्याच उंचवट्यावर आली, की पातं वर उचललं जातं आणि नेमकी तिथली माती सुटते. पुढच्या फेरीत याच खड्ड्या-उंचवट्यांवरून चाकं जातात आणि लाट वाढते. नवा ड्रायव्हर सारखा हायड्रॉलिकचा दांडा खाली-वर करून ती दुरुस्त करायला बघतो. त्यानं ती आणखी बिघडते, कारण पातं हलेपर्यंत ट्रॅक्टर पुढं गेलेला असतो.

उपाय असा. घट्ट जमिनीला आधी कल्टिव्हेटरनं उभं-आडवं मोकळं करा, पात्यानं कठीण जमीन कापू नका. मग एका फेरीत दोन इंचांहून जास्त घास घेऊ नका. सगळ्यात खालचा गिअर ठेवा, पोझिशन कंट्रोलचा (अवजार किती खाली राहील ते ठरवणारा) दांडा एका जागी ठेवून हात काढून घ्या. पहिली फेरी लांबीनं मारली असेल तर दुसरी कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकी मारा. तिरक्या फेरीत चारी चाकं एकाच लाटेवर एकदम चढत नाहीत, म्हणून पातं कमी डोलतं. पेटीचा लेव्हलर असेल तर टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा, लांब-आखूड होणारा दांडा) आखूड केल्यावर तो जास्त खातो आणि लांब केल्यावर माती नुसती पसरतो. सुरुवातीला आखूड, शेवटी लांब. भराव पसरायला पातं उलटं फिरवून लावलं तर ते जमीन न उकरता सरकतं.

शेवटच्या दोन-तीन फेऱ्या पात्यानं मारूच नका. आठ-दहा फुटांचा गर्डर साखळीनं आडवा बांधून ओढा. साखळी सैल असल्यानं ट्रॅक्टरचं डोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि लांबीमुळं तो उंचवट्यावरची माती खड्ड्यात नेऊन टाकतो. भाताच्या चिखलात फळी फिरवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

वजनासाठी लेव्हलरवर माणूस उभा केला तर चालेल का?

नाही. सगळीकडं करतात, तरीही नाही. अवजार दगडाला अडकलं की माणूस पुढं, म्हणजे चाकाखाली फेकला जातो. वाळूची पोती किंवा दगड दोरीनं घट्ट बांधा.

भराव कसा दाबायचा? ट्रॅक्टर फिरवला तर पुरे ना?

चाकाखालची पट्टी दबते, मधली सैल राहते आणि खोलवर तर काहीच पोचत नाही. सहा ते आठ इंचांचा थर टाका, पाणी शिंपडा, ओल मुरू द्या आणि भाड्याच्या यांत्रिक धुमसानं किंवा रोलरनं दाबा. मगच पुढचा थर. दोन फूट माती एकदम ओतून वरून पाण्याचा टँकर सोडणं म्हणजे दाबणं नव्हे. वरचा थर बसल्यासारखा दिसतो, खालचा पुढच्या पावसाळ्यात बसतो.

पालापाचोळा, मुळं, प्लास्टिक, जुन्या घराचं लाकूड भरावात जाऊ देऊ नका. आणि पाया कधीही भरावावर टेकवू नका, तो खालच्या मूळ जमिनीत गेला पाहिजे. भरावावर फरशी, अंगण, पार्किंग ठीक आहे. तिथंही पावसाळा मधे जाऊ दिला तर उत्तम.

वरची चांगली माती भरावात गेली तर काय बिघडलं?

तिच्यात मुळं आणि कुजणारं असतं, ते कुजलं की जागा खचते. शिवाय परड्यात नंतर नारळ-जास्वंद लावायला विकतची माती आणावी लागते. वरचे चार-सहा इंच सगळ्यात आधी खरडून कोपऱ्यात ढीग करून ठेवा.

वास्तूप्रमाणं ईशान्येकडं उतार हवा, पण जागेचा उतार नैर्ऋत्येला आहे.

हा प्रश्न जवळपास दर तिसऱ्या घरी निघतो. श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. पाण्याबद्दल मात्र बोलतो: ईशान्येला गटार किंवा रस्ता नसेल तर तिकडं वळवलेलं पाणी तुमच्याच आवारात अडकेल. अख्खी जागा उलटवायला ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला उंच धारकभिंत बांधावी लागते. घराच्या आतल्या फरशीचा आणि गच्चीचा उतार ईशान्येला ठेवून जमिनीचा नैसर्गिक उतार तसाच राखणं, यावर बऱ्याच वास्तुतज्ज्ञांचंही समाधान होतं. विचारून बघा.

आमचं पाणी शेजाऱ्याच्या जागेत जातं. तो अडवू शकतो का?

वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीकडं वाहू देण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये मानलेला आहे. पण तो मूळ उतारानं पसरत जाणाऱ्या पाण्याबद्दल. तुम्ही जागा उंच करून सगळं पाणी एका पाइपातून त्याच्या गोठ्यावर सोडलंत, तर त्या कलमाचा आधार मागू नका. हद्दीच्या आत एक चर मारून पाणी गटाराला न्या, आणि काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याला बोलावून खुंट्या दाखवा. एका चहात मिटणारी गोष्ट आहे, नंतर ती पंचायतीत जाते.

कागदपत्रं काय लागतात?

शेतजमीन असेल तर कर्नाटक भू-महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ प्रमाणं आधी बिनशेती करून घ्या. नुसती सपाट केली म्हणून ती घराची जागा होत नाही. मोजणीचे हद्दीचे दगड ट्रॅक्टरखाली जाऊ देऊ नका. काम सुरू होण्याआधी त्यांच्याभोवती चुन्याची रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. मोजणीचा नकाशा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून दिशा आणि मापं समजून घ्या, अंदाजानं बांध कोरू नका.

झाड तोडायचं असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, १९७६ लागू होतो, म्हणून वन खात्याकडं आधी चौकशी करा. मुरूम हे गौण खनिज आहे. आणणाऱ्याकडं वाहतुकीचा परवाना आहे का ते बघा, विशेषतः चंदगड किंवा गडहिंग्लजकडून हद्द ओलांडून येत असेल तर. वर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारा लोंबत असतील तर लाइनमनला आधी कळवा.

तासावर द्यावं की उक्तं?

मोजमापाचा कागद तयार असेल तर उक्तं. नसेल तर तासावर, आणि स्वतः उभं राहून. डिझेल कुणाचं, येण्या-जाण्याचा वेळ कुणाचा, अवजार तुटलं तर कुणाचं, हे आधी बोलून घ्या. नंबर केए-२२ असो, केए-२३ असो की एमएच-०९, ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला असेल तर भाड्याच्या बांधकामकामात अपघात झाल्यास विमा अडू शकतो. पॉलिसी वाचायला मागण्यात संकोच नको.

उतारावर ट्रॅक्टर पलटी होण्याची भीती किती?

छोटा ट्रॅक्टर अरुंद असतो, म्हणून भीती खरी आहे. उतारावर आडवं जाऊ नका, सरळ वर किंवा सरळ खाली जा. खाली येताना गिअरमध्येच राहा, न्यूट्रल नको. दोन्ही ब्रेकची पेडलं खिटीनं जोडलेली आहेत का ते बसल्याबरोबर बघा. शेतात वळायला ती सुटी ठेवतात आणि इथं उतारावर एकच चाक धरतं. ताज्या भरावाच्या कडेला जाऊ नका. भराव तीन फूट उंच असेल तर चाक कडेपासून निदान तीन फूट आत ठेवा. काठावरची माती पात्यानं ढकलण्यापेक्षा फावड्यानं ओढलेली बरी.

काम झालं. पावसाळ्याआधी अजून काही?

टँकर मागवून वरच्या कोपऱ्यात पाणी सोडा आणि ते कुठं जातं ते चालत-चालत बघा. जिथं थबकेल तिथं चुन्यानं गोल करा. उकरलेल्यातली उरलेली माती तिथं घाला, दाबा, पुन्हा पाणी सोडा. खालच्या हद्दीला दगडगोट्यांचा एक पट्टा टाकला तर माती आवारातच राहते. जोत्याचं खोदकाम उशिरा होणार असेल तर उघड्या भागावर तागाचं किंवा कुळथाचं बी फेकून पेरा. पायाची आखणी करायला गवंडी येईल, तेव्हा त्याला खांबावरची ती खूण दाखवा. तीच पातळी धरून त्यानं जोत्याची उंची काढायची आहे.